पाठ झाला, वर्ग राहिला

बी.एड. महाविद्यालयाच्या सराव शाळेतली आठवी-नववीची मुले छात्राध्यापकांपेक्षा अनुभवी असतात. दरवर्षी नवी तुकडी येते, तीच कविता दोन-तीन तोंडांतून ऐकून झालेली असते. शेवटच्या बाकावर निरीक्षण वही उघडून मॅडम बसल्या की ‘नव्या बाईं’ना सांभाळून घ्यायचे, हे या मुलांना कुणी सांगावे लागत नाही. प्रस्तावनेच्या प्रश्नाला हवे ते उत्तर येते. हेतुकथन होते, तक्ता टांगला जातो, फळ्यावर मुद्दे उमटतात, मूल्यमापनाच्या प्रश्नाला भराभर हात वर होतात, स्वाध्याय दिला जातो. पस्तीस मिनिटे संपतात आणि वहीत शेरा पडतो : प्रस्तावना चांगली, फलकलेखनाकडे लक्ष द्यावे. एक पाठ झाला. आता पुढच्या पाठाचे टाचण काढायचे.

डी.एड.लाही अशाच पाठांवर तयार झालेली एक मुलगी काही वर्षांनी डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू होते. पट अठ्ठावीस, वर्ग पहिली ते चौथी, शिक्षक दोन. त्यातले एक आज केंद्राच्या बैठकीला गेलेले. चारही इयत्ता एका खोलीत बसल्या आहेत. पहिलीतले एक पोर रडते आहे, ते कशासाठी हे कळत नाही, कारण त्याची बोली तिला येत नाही. चौथीतल्या तिघांना अजून जोडाक्षर वाचता येत नाही. मागे खिचडी शिजते आहे, तिची नोंद करायची आहे आणि दुपारपर्यंत ऑनलाइन माहिती भरायची आहे. या खोलीत प्रस्तावना कोणासाठी करायची?

शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम या खोलीसाठी माणसे तयार करतात का, एवढाच प्रश्न आहे. त्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत आयोग बसले, नियमावल्या बदलल्या, न्यायालयांनी निकाल दिले, अभ्यासक्रम एकाचा दोन वर्षांचा झाला आणि आता चारचा होऊ घातला आहे. या सगळ्याची एकत्र उजळणी केली तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या महाविद्यालयांनी ‘पाठ’ हे शिक्षणाचे एकक धरले. वर्ग चालवणे आणि मूल शिकते करणे ही एकके त्यांनी कधी धरलीच नाहीत. बाकीचे दोष खरे आहेत, पण ते या दोषाला येऊन चिकटलेले आहेत.

हे असे का झाले, त्याला इतिहास आहे. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगरला फरारबाईंच्या आणि पुण्याला मिचेलबाईंच्या हाताखाली. त्या काळी ‘नॉर्मल स्कूल’ म्हणजे समोर मुले असलेली शाळाच होती. शिकवणे बघायचे आणि शिकवून बघायचे. पुढे सरकारी प्रशिक्षण महाविद्यालये आली. माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ मध्ये एस.टी. कॉलेज, पुण्यात १९४१ मध्ये टिळक अध्यापक महाविद्यालय निघाले. प्राथमिकसाठी पीटीसी आणि नंतर डी.एड. आले. या परंपरेबरोबर योहान हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावाची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, आली आणि पाठ टाचणाच्या रकान्यांत कायमची वस्तीला राहिली. १९६३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला सूक्ष्म अध्यापनाची कल्पना निघाली, सत्तरच्या दशकात ती भारतात रुजली. तिच्यामुळे पाठाचेही तुकडे झाले : आज प्रश्न विचारण्याचे कौशल्य, उद्या फलकलेखनाचे, परवा प्रबलनाचे. समोर मुलांऐवजी सोबतचे छात्राध्यापकच मुले होऊन बसतात आणि ‘शाब्बास’ म्हटल्यावर इमानदारीने खूश होतात. कसरत म्हणून यात वाईट काही नाही. गायकही पलटे घोटतो. पण पलटे घोटून मैफल होत नाही, आणि आपल्याकडे परीक्षा पलट्यांचीच घेतली गेली.

दुसरी एक परंपरा महाराष्ट्राच्या हाताशी होती. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, पाड्यावरची पाने, बिया, खडे हेच साधन समजायचे आणि होणाऱ्या शिक्षिकेने हे सगळे मुलांच्या सोबत राहून शिकायचे, अशी ती रीत. आपण तिचा गौरव केला, पुरस्कार दिले, पाठ्यपुस्तकात धडा घातला. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात मात्र तिला जागा मिळाली नाही.

त्या वेळापत्रकाचे पुढे दुकान झाले. नव्वदीच्या आणि दोन हजारच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात डी.एड. म्हणजे बारावीनंतर दोन वर्षांत नोकरी, अशी खात्री होती. चांगल्या गुणांची मुले-मुली, विशेषतः शेतकरी घरातल्या मुली, याच वाटेने गेल्या. ही पिढी आजच्या जिल्हा परिषद शाळांचा कणा आहे. त्यांच्यातल्या अनेकांचे काम थक्क करणारे आहे. पण मागणी दिसताच तालुक्या-तालुक्याला महाविद्यालये उगवली. महाराष्ट्रातल्या अशाच २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि त्यातून २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. देशभरातल्या शिक्षक-प्रशिक्षणाचे पितळ उघडे पाडणारा हा आयोग आपल्या राज्यातल्या भांडणातून जन्मला, हे फारसे कुणाला आठवत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. सेवापूर्व प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खासगी आहेत, असे त्यात दिसले. आठ वर्षांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच आयोगाचा हवाला देऊन सरळ लिहिले की दहा हजारांहून अधिक स्वतंत्र संस्थांपैकी बहुसंख्य गंभीर प्रशिक्षणाचा प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारी कागदावर इतके स्पष्ट वाक्य क्वचित वाचायला मिळते. ‘नॉन-अटेंडिंग’ बी.एड. हा शब्द आपल्या गावागावांत आधीपासून होताच.

२०१२ पासून राज्यातली शिक्षक भरती जवळजवळ थांबली आणि हे दुकान आपोआप बसले. डी.एड.च्या जागा रिकाम्या राहू लागल्या, शेकड्यांनी महाविद्यालये बंद झाली. वाईट संस्था गेल्या याचा आनंद मानावा, तर चांगली मुलेही या वाटेवरून निघून गेली. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, तिच्यावरून ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलमार्फत भरती सुरू झाली, ती रखडतच. पुढची चाचणी २०२३ मध्ये. मधल्या काळात पदवी हातात घेऊन बसलेला उमेदवार वर्गापासून पाच-सात वर्षे लांब राहिला. कोणी खासगी शिकवणी घेतली, कोणी कपड्याच्या दुकानात काम केले. सरावाचे कौशल्य असे वापराविना पडून राहते, तेव्हा ते काय उरते?

पदवीवर विश्वास उरला नाही म्हणून दारावर परीक्षा बसवली. २०१० मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) सक्तीची केली, महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. १५० गुणांत ९० मिळवायचे. बहुतेक वेळा राज्याचा निकाल एक आकडी टक्क्यांत लागतो, आणि दर वेळी वर्तमानपत्रे ‘भावी गुरुजी नापास’ असा मथळा देतात. हा आकडा मला फार मोठा पुरावा वाटत नाही. परीक्षेला बसणाऱ्यांत तयारी न करता फॉर्म भरणारे पुष्कळ असतात, प्रश्नपत्रिकेच्या दर्जाबद्दलही तक्रारी आहेत. पर्यायी उत्तराच्या गोलाला काळे करता येणे आणि पहिलीचा वर्ग सांभाळता येणे यांचा संबंध दूरचा आहे. पण एवढे मात्र खरे, की दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर इयत्ता पाचवीच्या पातळीचे गणित आणि भाषा यांतच मोठ्या संख्येने उमेदवार अडत असतील, तर प्रशिक्षणाने त्या बाजूला हात लावलेला नाही. २०१९-२० च्या परीक्षेतल्या गैरप्रकारांनी या चाळणीलाही भोक पडले. साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवावे लागले. पदवी विकत मिळते म्हणून परीक्षा आणली, तर परीक्षाही विकत मिळू लागली.

मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे, अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. वीस-वीस वर्षे पहिलीला वाचायला शिकवणाऱ्या बाई आता मार्गदर्शक पुस्तके आणून बसल्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने जे असेल ते असो. त्या बाईंच्या वर्गात जाऊन मुले वाचतात का हे कोणी बघितले असते, तर त्यांची पात्रता एका तासात कळली असती.

प्रशिक्षणाने मुलांच्या शिकण्यात फरक पडतो का, याचा थेट पुरावा काय सांगतो? आंध्र प्रदेशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदरारामन यांनी केलेले प्रयोग या बाबतीत वाचण्यासारखे आहेत. कमी शिकलेले, प्रशिक्षण नसलेले आणि नियमित शिक्षकाच्या तुलनेत तुटपुंज्या पगाराचे कंत्राटी शिक्षक जिथे जादा मिळाले, तिथली मुले पुढे गेली. हे शिक्षक नियमित शिक्षकांपेक्षा कमी ठरले नाहीत. एवढे वाचून आपल्याकडचे काही लोक टाळ्या वाजवतात : बघा, बी.एड. फुकट आहे! पण याच दोघांच्या दुसऱ्या अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, एक बारीक गोष्ट आहे. मुलांच्या प्रगतीशी शिक्षकाचा बक्षीस-भत्ता जोडला तेव्हा जास्त शिकलेल्या आणि प्रशिक्षित शिक्षकांच्या वर्गात सुधारणा अधिक झाली. एरवी, म्हणजे कोणी काही विचारत नव्हते तेव्हा, त्यांच्या प्रशिक्षणाचा मुलांच्या गुणांवर परिणाम दिसत नव्हता. म्हणजे प्रशिक्षणात काहीतरी मिळते, ते अंगात मुरतेही. फक्त शाळेत ते बाहेर काढायचे कारण मिळत नाही. भत्ता हा त्यावरचा एकमेव उपाय आहे असे मी मानत नाही. कोणीतरी मुलांकडे बघते आहे, ही जाणीव त्यात महत्त्वाची असावी.

तक्रार फक्त आपली नाही. अमेरिकेत आर्थर लेव्हीन यांनी २००६ मध्ये जो अहवाल दिला त्यात ६२ टक्के शिक्षकांनी सांगितले होते की आजच्या वर्गातल्या वास्तवाला तोंड द्यायला आमच्या महाविद्यालयाने आम्हाला तयार केले नाही. फिनलंडने १९७९ पासून सगळ्या शिक्षकांना पदव्युत्तर पदवीपर्यंत नेले. त्याची उदाहरणे आपल्याकडच्या भाषणांत वारंवार येतात. तिथल्या विद्यापीठांना स्वतःच्या सराव शाळा आहेत आणि तिथले शिक्षक छात्राध्यापक घडवणे हे आपलेच काम समजतात, हा भाग त्या भाषणांत गळून जातो.

आपल्या अभ्यासक्रमात नेमके काय कमी पडते, ते आता बघू. पहिली गोष्ट बहुवर्ग अध्यापन. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. महाराष्ट्रात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत. म्हणजे जिल्हा परिषदेत लागणाऱ्या तरुण शिक्षकाच्या वाट्याला एका वेळी दोन, तीन किंवा चार इयत्ता येणे हा अपवाद नाही. तरीही सराव पाठ एका इयत्तेचा, एका विषयाचा आणि एका घटकाचा असतो. तिसरीला गटात काम देऊन पहिलीपाशी बसणे, चौथीच्या मुलीला दुसरीच्या मुलाला वाचून दाखवायला लावणे, कोणाला कधी मोकळे सोडायचे हे ओळखणे ही सगळी कला शिक्षक रुजू झाल्यावर धडपडत, मुलांच्या एक-दोन वर्षांच्या खर्चाने शिकतो.

दुसरी गोष्ट भाषेची. मेळघाटातले मूल कोरकू घेऊन येते, पालघरचे वारली, नंदुरबारचे भिली किंवा पावरी. पुस्तक प्रमाण मराठीत. हे अंतर कसे ओलांडायचे, यासाठी अभ्यासक्रमात फार तर एखादे प्रकरण असते आणि ते परीक्षेला ‘टीप लिहा’ म्हणून येते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते : वाचायला कसे शिकवायचे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत वर्षानुवर्षे दिसते की ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर नीट वाचता येत नाही. अक्षर आणि ध्वनी यांचे नाते मुलाच्या डोक्यात कसे बसते, काना-मात्रा-वेलांटी कोणत्या क्रमाने आणावी, अडखळणारे मूल नेमके कुठे अडखळते, हे एक पूर्ण शास्त्र आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि वाडा तालुक्यात ‘क्वेस्ट’ या संस्थेने मराठी लिपीसाठी त्यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. त्या कामातले किती आपल्या डी.एड.च्या विद्यार्थ्याच्या हाती पडते? तो बालमानसशास्त्राच्या पेपरात पियाजेचे टप्पे लिहून येतो आणि पहिलीच्या वर्गात बाराखडी घोकून घेतो, कारण त्यालाही कुणीतरी तशीच घोकून घेतली होती.

विषयज्ञानाचीही हीच गत. बी.एड.ला ‘आशययुक्त अध्यापन’ नावाचा भाग असतो. नाव अगदी नेमके आहे. विषय जाणणे वेगळे, शिकवता येईल अशा रीतीने विषय जाणणे वेगळे, असे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडले, तेच या नावात आहे. प्रत्यक्षात विषयाची रचना, संबोधांची यादी आणि पाठ्यपुस्तकाचे विश्लेषण एका वहीत उतरवले की तो भाग संपतो. अपूर्णांकांचा भागाकार घ्या. अर्ध्या भाकरीतून चतकोर किती निघतील, हे चौथीतले कोणतेही पोर सांगेल : दोन. झाला की अर्धा भागिले पाव! पण वर्गात शिकवले जाते ते ‘दुसरी संख्या उलटी करा आणि गुणा’. भाकरीपासून त्या नियमापर्यंत मुलाला कसे आणायचे, यावर दोन दुपारी घालवल्या तर त्या वहीच्या साठ पानांपेक्षा जास्त हाती लागेल.

हे शिकवायचे कोणी? डी.एड. महाविद्यालयात शिकवणारे अध्यापकाचार्य बहुधा एम.ए., एम.एड. असतात. पहिली-दुसरीचा वर्ग त्यांनी स्वतः कधी चालवलेला नसतो. नियमांनी त्यांच्याकडून तो अनुभव ठामपणे मागितलाच नाही. पोहायला न येणाऱ्याने काठावरून हात-पाय कसे मारावेत ते सांगावे, असे होते. यात त्यांचा दोष कमी, पात्रता ठरवणाऱ्यांचा जास्त.

सरकारने उपाय म्हणून वेळ वाढवला. २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि वीस आठवड्यांची आंतरवासिता आली : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. कागदावर ही गेल्या शंभर वर्षांतली सर्वात शहाणी सुधारणा आहे. अंमलात तिचे काय झाले ते कुठल्याही छात्राध्यापकाला विचारा. शाळेला ही मुले पाहुणी वाटतात किंवा फुकटचे मनुष्यबळ. गैरहजर शिक्षकाच्या तासाला पाठवा, पेपर तपासायला द्या, स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम त्यांच्यावर सोपवा. ज्या शिक्षकाने त्यांना हाताशी धरायचे, त्याला त्याचे ना मानधन, ना तासिकेची सूट, ना कसले प्रशिक्षण. महाविद्यालयातले मार्गदर्शक आठवड्यातून एकदा येऊन पाठ बघून जातात. शेवटी वीस आठवड्यांतही मोजले जातात ते पाठच.

याउलट शिक्षक कसे शिकतात, हे महाराष्ट्राने दहा वर्षांपूर्वी बघितले आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, ज्ञानरचनावादी पद्धतीने मुले शिकताना दिसू लागली, तेव्हा राज्यभरातून हजारो शिक्षक तिथे गेले. फरशीवर आखलेल्या आकृत्या, काड्यांचे दशक, जमिनीवर बसून आपले आपण शिकणारी मुले बघून परत आले आणि आपल्या शाळेत करून पाहू लागले. पुढे २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’मध्ये हे सरकारी झाले. काही ठिकाणी त्याची नुसती रंगरंगोटी झाली हेही खरे. तरी एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचा चालता वर्ग बघणे, यात जी ताकद आहे ती कोणत्याही व्याख्यानात नाही.

आता २०२० च्या धोरणाने चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. आणले आहे, २०३० पर्यंत तीच किमान पात्रता व्हावी असा हेतू आहे. कल्पना नवी नाही. भोपाळ, म्हैसूर, अजमेर, भुवनेश्वरच्या प्रादेशिक संस्थांत साठच्या दशकापासून चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दिल्ली विद्यापीठाचे बी.एल.एड. १९९४ मध्ये सुरू झाले. त्यांतून चांगले शिक्षक निघाले, कारण तिथे विषय, मूल आणि शाळा यांची गाठ पहिल्या वर्षापासून घातली जाते. पदवीधरांसाठी एक वर्षाचे बी.एड.ही परत यायचे आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, पुन्हा एक. वर्षांचा हा खेळ मी फार मनावर घेत नाही. जुन्याच पाठांची संख्या चार वर्षांत पसरली तर फक्त फी वाढेल.

मला विचाराल तर मागणी छोटी आहे. प्रत्येक छात्राध्यापकाला एक शाळा द्या, शक्य तिथे दोन-शिक्षकी. त्या शाळेतल्या अनुभवी शिक्षकाला मार्गदर्शक म्हणून मानधन द्या आणि त्याचा शेरा महाविद्यालयाच्या शेऱ्याइतकाच मोजा. पाठांच्या आकड्याऐवजी पाच-सहा मुले त्याच्या स्वाधीन करा; ती आल्या दिवशी काय वाचत होती आणि निघताना काय वाचतात, यावर त्याला गुण द्या. अध्यापकाचार्यांनी दर काही वर्षांनी एक सत्र प्राथमिक वर्ग चालवावा. यासाठी नवा आयोग नको, अभ्यासक्रमाची नवी वर्षेही नकोत. लागणारे वीस आठवडे २०१४ पासून नियमावलीत लिहिलेले आहेत.